एका हरितलवकाचे दोन कसे होतात? प्रथिनांच्या कड्यांची गोष्ट, पवई ते पुणे

वनस्पतीची पेशी खूप काही नव्याने बनवू शकते. साखर, रंगद्रव्यं, भिंत, सुगंध, विषसुद्धा. पण एक गोष्ट तिला शून्यातून बनवता येत नाही, ती म्हणजे हरितलवक. आधीचा हरितलवक, किंवा त्याचं लहानपणीचं फिकट रूप, पेशीत असेल तरच त्यातून दुसरा होतो. तंतुकणिकेचंही तसंच. बी रुजल्यापासून झाडाच्या शेंड्यापर्यंत जितके हरितलवक आहेत, ते सगळे त्या बीजात आलेल्या मोजक्या लवकांचे वंशज आहेत. ही साखळी कुठेही तुटली, तर ती पेशी पुन्हा कधीच हिरवी होणार नाही.

मग हे विभाजन घडवून कोण आणतं? कधी थांबायचं, किती झाले म्हणजे पुरे, हे कोण ठरवतं? उत्तर एका शब्दात द्यायचं तर प्रथिनं, म्हणजे प्रोटीन्स. पण एका शब्दात मजा नाही, कारण यातली दोन मुख्य प्रथिनघराणी अशी आहेत की त्यांच्यावर आपल्याकडेच, पवईच्या आयआयटीत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्ये, महत्त्वाचं काम झालंय. ही मंडळी हरितलवकावर काम करत नव्हती. कोणी जिवाणूवर, कोणी माशीवर, कोणी काचेवर अंथरलेल्या पटलावर. पण हरितलवकाच्या कमरेला जे दोन पट्टे आवळले जातात, त्यातला आतला पट्टा पवईच्या प्रथिनाचा भाऊबंद आहे आणि बाहेरचा कुलाबा-पुण्याच्या.

मी मुलुंडला राहतो, त्यामुळे पवई मला जवळची. सुरुवात तिथूनच करू.

आतला पट्टा: जिवाणूकडून आलेला वारसा

हरितलवक हा मुळात एक जिवाणू होता, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. शंभर कोटीहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीने सायनोबॅक्टेरिया जातीचा जिवाणू पोटात घेतला आणि तो पचलाच नाही, तिथेच राहिला. आज त्याचे बहुतेक जनुक पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेत. स्वतःचं असं त्याच्याकडे थोडंच उरलंय. पण दोन भागांत तुटायची जुनी पद्धत मात्र त्याने सोडलेली नाही.

जिवाणू तुटतो तेव्हा त्याच्या बरोबर मधोमध, पटलाच्या आतल्या बाजूने, एक कडं तयार होतं. हे कडं ज्या प्रथिनाचं असतं त्याचं नाव एफटीएसझेड. नाव विचित्र आहे, पण त्यामागे गोष्ट आहे. तापमान वाढवलं की काही ई. कोलाय जिवाणू तुटायचे थांबतात आणि नुसतेच शेवयांसारखे लांब होत जातात. अशा बिघडलेल्या जिवाणूंना जे नाव दिलं त्याची ही आद्याक्षरं, आणि झेड हा त्यातला एक जनुक. हे प्रथिन खरोखर कडं करतं हे १९९१ मध्ये दिसलं. १९९८ मध्ये त्याची त्रिमितीय रचना कळली आणि एक धक्काच बसला. ती आपल्या पेशीतल्या ट्युब्युलिनशी विलक्षण जुळत होती. ट्युब्युलिन म्हणजे ज्याच्या नळ्यांवरून आपल्या पेशीत मालवाहतूक चालते आणि पेशी विभागताना गुणसूत्रं ओढली जातात ते प्रथिन.

एफटीएसझेड काम कसं करतं? एकेक रेणू जीटीपी नावाचं इंधन पकडतो आणि दुसऱ्याला चिकटतो. त्याची माळ होते. इंधन जळलं की माळ वाकते, सुटते, पुन्हा नवे रेणू जोडले जातात. म्हणजे हे कडं लोखंडी बांगडीसारखं घट्ट नसतं. अंधेरी स्टेशनच्या जिन्यावरची गर्दी आठवा. गर्दी सतत तिथेच दिसते, पण माणसं दर मिनिटाला वेगळी असतात.

पवईत आयआयटी मुंबईच्या जीवशास्त्र आणि जैवअभियांत्रिकी विभागात दुलाल पांडा यांच्या गटाने या प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं. प्रश्न साधा होता. ही माळ जोडलीच जाऊ नये असा एखादा रेणू मिळेल का? मिळाला तर जिवाणू तुटू शकणार नाही, म्हणजे वाढू शकणार नाही, म्हणजे नवं प्रतिजैविक. २००५ मध्ये त्यांनी सँग्विनारीन हा रेणू हेच करतो असं दाखवलं. हा रेणू आपल्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांतही असतो. हो, तोच धोत्रा ज्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली होती. २००८ मध्ये पांडा आणि सहकाऱ्यांनी हळदीतलं कुरकुमिन तपासलं. ते एफटीएसझेडची माळ जोडू देत नाही, उलट इंधन जास्त वेगाने जाळायला लावतं, आणि बॅसिलस जिवाणूत कडी कमी दिसू लागतात, असं त्यात दिसलं. हळदीकडे आपण पुन्हा येऊ, कारण तिच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं.

आता हरितलवक. १९९५ मध्ये कॅथरीन ऑस्टरयंग आणि एलिझाबेथ व्हिअर्लिंग यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात एफटीएसझेडचा जनुक असल्याचं दाखवलं. जनुक केंद्रकात, प्रथिन बनतं पेशीद्रवात, आणि मग पुढच्या टोकाला लावलेल्या पत्त्याच्या शेपटीवरून ते हरितलवकाच्या आत शिरतं. आत गेलं की शेपटी कापली जाते. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, दोन वेगळ्या प्रयोगांनी पुरावा पक्का केला. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे प्रथिन कमी केलं तर पेशीत शंभराच्या आसपास छोट्या हरितलवकांऐवजी काही पेशींत एकच महाकाय हरितलवक उरला. जर्मनीत मॉसमध्ये हाच जनुक काढून टाकला, तिथेही तेच.

जिवाणूत एफटीएसझेड एकच असतं. वनस्पतीत दोन प्रकारची असतात, एक आणि दोन. दोन नंबरचं कड्याचा सांगाडा घडवतं आणि एक नंबरचं त्याला लवचीक, बदलतं ठेवतं. हे कळलं कसं, तर वनस्पतीची ही प्रथिनं यीस्टमध्ये बनवून. यीस्टमध्ये हरितलवक नाहीत, त्यामुळे दुसरं कोणी ढवळाढवळ करायला नसतं. मला ही युक्ती फार आवडते. यंत्र समजत नसेल तर त्याचे दोन भाग काढून रिकाम्या टेबलावर ठेवा.

मध्य शोधायचा कसा?

कडं नेमकं मधोमधच का पडतं? टोकाला पडलं तर एक तुकडा मोठा आणि एक चिमुकला होईल, कदाचित डीएनए नसलेला. जिवाणूत यासाठी मिन नावाची तीन प्रथिनं असतात, सी, डी आणि ई. ई. कोलायमध्ये ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत ये-जा करतात, एखाद्या वॉचमनच्या फेऱ्यांसारखी, आणि जिथे असतात तिथे कडं होऊ देत नाहीत. सरासरीने सर्वांत कमी पहारा मधोमध पडतो. कडं तिथेच होतं.

वनस्पतीने यातली डी आणि ई ठेवली, सी मात्र हरवली. तिच्या जागी आर्क-३ नावाचं प्रथिन आलं. नको त्या ठिकाणी एफटीएसझेडच्या माळा मोडायचं काम ते करतं. आर्क-३ बिघडलं की एका हरितलवकावर एकाच वेळी अनेक कडी पडतात आणि तुकडे वेडेवाकडे, लहानमोठे होतात.

या ‘आर्क’ नावाचा उगमही सांगतो. केविन पाइक आणि रेचल लीच यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात, अरॅबिडॉप्सिसची हजारो बदललेली रोपं घेऊन त्यांच्या पेशींतले हरितलवक अक्षरशः मोजले. ज्यांची संख्या चुकली त्यांना क्रमाने नाव दिलं, आर्क-१, आर्क-२ असं. जनुक कोणता, प्रथिन कोणतं, हे नंतर दहा-पंधरा वर्षांत उलगडत गेलं. आजच्या बहुतेक ज्ञानाचा पाया म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बसून केलेली ही मोजदाद आहे.

बाहेरचा पट्टा: माशी, काच आणि हरितलवक

हरितलवकाला दोन पटलं असतात, आतलं आणि बाहेरचं. आतून फक्त एफटीएसझेडने ओढून भागत नाही. बाहेरून, म्हणजे पेशीद्रवाच्या बाजूने, दुसरा एक पट्टा आवळावा लागतो. तो आर्क-५ या प्रथिनाचा असतो, आणि आर्क-५ हे डायनॅमिन घराण्यातलं. हे २००३ मध्ये समजलं. आर्क-५ बिघडलेल्या रोपात हरितलवक मध्ये चिमटतात पण तुटत नाहीत. डंबेलसारखे अडकून राहतात.

डायनॅमिनची कीर्ती आधी प्राण्यांमुळे. फळमाशीचा शिबिरे नावाचा एक प्रकार आहे. जपानी भाषेत शिबिरे म्हणजे बधिर होणं. तापमान वाढवलं की या माश्या लुळ्या पडतात, थंड केलं की पुन्हा उठतात. कारण डायनॅमिन. चेतापेशीच्या टोकाला संदेश सोडल्यावर पटलाचे छोटे फुगे परत आत ओढून घ्यावे लागतात, आणि त्या फुग्याची मान आवळून तोडायचं काम डायनॅमिन करतं. टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांनी या माश्यांवर दीर्घकाळ काम केलं. २००१ मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात दिसलं की डायनॅमिनला लागणारं जीटीपी इंधन जवळच पुरवणारं एक विकर बिघडलं तर हे फुगे परत घेण्याचं कामही बिघडतं. थोडक्यात, डायनॅमिनच्या शेजारी इंधनाचा पंप हवा.

पुढचा प्रश्न असा. हे घराणं खरंच स्वतःच्या ताकदीवर पटल तोडतं, की नुसतं आवळतं आणि तोडायला दुसरं कोणी लागतं? जिवंत पेशीत हे वेगळं करणं फार कठीण, कारण तिथे शेकडो प्रथिनं असतात. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर पटलाच्या बारीक नळ्या अंथरल्या, त्यावर शुद्ध प्रथिन सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली नळी तुटताना थेट पाहिली. २०१५ मध्ये डायनॅमिनसाठी ही पद्धत प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की तंतुकणिका आणि पेरॉक्झिझोम तोडणारं प्राण्यांचं डायनॅमिनसदृश प्रथिनही एकट्याने पटलाची नळी आवळू आणि तोडू शकतं. याआधी शेवटचा घाव दुसऱ्या कुणाचा असेल, असं मानणारे बरेच होते.

आर्क-५ त्याच घराण्यातलं असलं तरी हरितलवकाची कंबर या नळ्यांपेक्षा कितीतरी पट जाड असते. एवढी जाड कंबर एकटं डायनॅमिन सुरुवातीपासून आवळेल असं मला वाटत नाही, आणि पेशीची व्यवस्थाही तसं सांगत नाही. आतलं कडं आधी पडतं, आर्क-५ नंतर येतं. शिवाय बाहेरच्या पटलावर एक तिसरा पट्टा असतो, जो जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला होता. तो कशाचा आहे हे जवळजवळ पंचवीस वर्षं कोडंच होतं. २०१० मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका लाल शैवालातून उत्तर आलं. तो प्रथिनाचा नाहीच, ग्लुकोजच्या साखळ्यांच्या बारीक तंतूंचा आहे, आणि ते तंतू विणणारं प्रथिन पीडीआर-१. साखरेची दोरी, म्हणा ना.

ते शैवाल या अभ्यासासाठी इतकं सोयीचं का, तर त्याच्या पेशीत एकच हरितलवक, एकच तंतुकणिका आणि एकच पेरॉक्झिझोम असतो. आणि उजेड-अंधाराचं वेळापत्रक लावलं की सगळ्या पेशी एकाच वेळी विभागतात.

आतलं आणि बाहेरचं जोडतं कोण?

मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत देखणा भाग हा वाटतो. आत एफटीएसझेड, बाहेर आर्क-५, मध्ये दोन पटलं. दोन्ही पट्टे एका रेषेत नसतील तर काहीच होणार नाही. भिंतीच्या दोन बाजूंनी दोन सुतार ड्रिल मारतायत आणि भोकं एकासमोर एक यायला हवीत, असा हा प्रकार.

हे काम निरोपांच्या साखळीने होतं. आतल्या पटलात आर्क-६ बसलेलं असतं. त्याचं एक टोक आत एफटीएसझेड-२ ला धरतं आणि दुसरं टोक दोन पटलांमधल्या पोकळीत येतं. तिथे ते बाहेरच्या पटलातल्या पीडीव्ही-२ चं शेपूट पकडतं. पीडीव्ही-२ चं डोकं पेशीद्रवात, तिथे ते आर्क-५ ला बोलावतं. आर्क-६ चं एक भावंड आहे, पार्क-६, ते असंच पीडीव्ही-१ ला पकडतं. म्हणजे आतल्या कड्याची जागा हाताला हात लावत बाहेर कळवली जाते. आर्क-६ सायनोबॅक्टेरियाकडून आलंय, पीडीव्ही मात्र जमिनीवरच्या वनस्पतींची स्वतःची भर. जुन्या भाडेकरूच्या फिटिंगला नव्या मालकाने आपला पाइप जोडलाय.

आर्क-६ नसलेल्या रोपाच्या पानात एकेका पेशीत एक किंवा दोनच प्रचंड हरितलवक दिसतात. गंमत म्हणजे रोप जगतं, फुलतं, बी धरतं. पण पर्णरंध्रांच्या काही रक्षक पेशींच्या वाट्याला हरितलवकच येत नाही. वाटणीला दोनच नग असतील तर कुणीतरी रिकाम्या हाताने जाणार, हा साधा हिशोब आहे.

किती झाले म्हणजे पुरे?

सोसायटीतल्या आंब्याला किंवा पिंपळाला पालवी फुटते तेव्हा पानं तांबूस, मऊ असतात. त्याआधी, शेंड्याच्या कळीतल्या पेशींत दहा-वीस फिकट, अर्धवट लवकं असतात. पान पूर्ण वाढेपर्यंत पेशीत शंभरच्या आसपास हरितलवक होतात. गणित करा, पंधराचे तीस, तीसचे साठ, साठचे एकशे वीस. तीनच फेऱ्या. पण मधल्या काळात पेशीही विभागत असते, त्यामुळे लवकांना तिच्या पुढे राहावं लागतं.

या फेऱ्यांचा वेग ठरवण्यात पीडीव्हींचा मोठा हात आहे. २००९ मध्ये जपानी गटाने दाखवलं की पीडीव्ही वाढवले की हरितलवकांची संख्या वाढते आणि आकार लहान होतो. पान वयात येतं तसे पीडीव्ही कमी होतात आणि विभाजन मंदावतं. सायटोकायनिन हे वनस्पतीचं संप्रेरक पीडीव्ही वाढवतं. म्हणजे संप्रेरकाचा आदेश आणि हरितलवकाची कात्री यांच्यातला दुवा हाच. उजेडाचाही निरोप पोहोचतो. उजेडाचा संदेश वाहणारं एफएचवाय-३ हे प्रथिन आर्क-५ चा जनुक चालू करतं.

इथे एक समज दूर करायला हवा. एखादं विभाजन-प्रथिन जास्त दिलं की विभाजन जास्त, असं सरळ नसतं. एफटीएसझेड-१ खूप वाढवलं तर विभाजन उलट अडतं आणि हरितलवक मोठे राहतात. पट्ट्यांच्या भागांचं प्रमाण महत्त्वाचं. पीडीव्ही मात्र वाढवले तर चालतात, म्हणून तेच खरे ‘रेग्युलेटर’, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट पाइक आणि लीच यांच्या मोजणीतून दिसली होती. हरितलवक कमी झाले की ते मोठे होतात, आणि पेशीतलं त्यांचं एकूण क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. पेशी जागेचा हिशोब ठेवते, नगांचा नाही.

मग शंभर छोटे कशाला, दोन मोठे का नकोत? हलण्यासाठी. कमी उजेडात हरितलवक पानाच्या पृष्ठाला समांतर पसरतात, कडक उन्हात कडेच्या भिंतींना सरकून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. ऐन मे महिन्यातलं बोरिवलीचं ऊन आणि जुलैतलं ढगाळ आभाळ एकाच पानाला सोसायचं असतं, तेव्हा ही हालचाल कामाची. तंबाखूच्या रोपांत हरितलवक मुद्दाम महाकाय केले तेव्हा ते नीट सरकू शकले नाहीत आणि रोपांची वाढही मागे पडली.

बाकीची अंगके: कामगार वाटून घेतलेले

तंतुकणिकाही जिवाणूच्याच वंशातल्या. पण त्यांनी एफटीएसझेड सोडून दिलंय. काही शैवालांत ते अजून तंतुकणिकेत सापडतं, जमिनीवरच्या वनस्पतींत आणि आपल्यात नाही. त्यांचं सगळं काम बाहेरच्या पट्ट्यावर, डायनॅमिन घराण्यातल्या डीआरपी-३ ए आणि बी यांच्यावर चालतं. त्यांना तंतुकणिकेवर आणून बसवायला वनस्पतीत एल्म-१ नावाचं प्रथिन असतं.

पेरॉक्झिझोम हे तिसरं अंगक. एकाच पटलाची छोटी पिशवी, स्वतःचा डीएनए नाही. शेंगदाणा रुजताना त्यातलं तेल वापरून साखर बनवायला हीच पिशवी लागते, आणि पानात हरितलवकाला चिकटून ती त्याच्या चुकलेल्या रसायनाची दुरुस्ती करते. तिचं विभाजन तीन पायऱ्यांत. आधी पेक्स-११ प्रथिनं पिशवीला ताणून लांब करतात, मग फिस-१ आणि सोबती डीआरपी-३ ला बोलावतात, मग तोड. अरॅबिडॉप्सिसमध्ये पेक्स-११ पाच प्रकारची आहेत. अंधारात वाढलेल्या कोंबावर उजेड पडला की त्यातलं एक वाढतं आणि पेरॉक्झिझोमची संख्याही वाढते.

लक्षात घ्या, डीआरपी-३ तंतुकणिका आणि पेरॉक्झिझोम दोन्हींकडे कामाला आहे. आणि हरितलवकाचं आर्क-५ पेरॉक्झिझोमकडेही हात लावतं, हे २०१० मध्ये कळलं. पानात उजेडाखाली ही तिन्ही अंगकं एकाच रसायनसाखळीत काम करतात. कात्र्याही वाटून घेतल्या आहेत यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता हळदीबद्दल

‘हळद जिवाणूचं विभाजन थांबवते, आयआयटीने सिद्ध केलं’ असा मजकूर मोबाइलवर कुणीही फिरवू शकेल. अर्धं खरं. परीक्षानळीत आणि जिवाणूच्या वाढीच्या द्रवात कुरकुमिन एफटीएसझेडला अडवतं, हे शोधनिबंध सांगतो. हळदीचं दूध प्यायल्याने क्षय बरा होतो असं तो सांगत नाही. कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, शरीरात लवकर मोडतं. शिवाय ते अनेक प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे प्रयोगात ते ‘सगळ्यांवर चालतं’ असं दिसण्याचा धोका असतो. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या तज्ज्ञांनी यावर कडक टीका केलीय, आणि ती मला पटते. पवईच्या कामाचं मोल वेगळं आहे. या प्रथिनावर नेम धरता येतो, हे त्यातून दिसतं.

नेम धरण्याजोगं का? कारण आपल्या पेशीत एफटीएसझेड नाही. आपल्या तंतुकणिकांनी ते सोडलंय. अडचण एकच, ट्युब्युलिनचं साम्य. औषध चुकून ट्युब्युलिनला चिकटलं तर आपल्याच पेशींचं विभाजन अडेल. औषधाला जवळच्या दोन नातेवाइकांत फरक करावा लागेल.

पण आपल्यात नाही ते झाडात आहे! आणि प्रतिजैविकं फक्त दवाखान्यात वापरली जात नाहीत. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी आपल्याकडे वर्षानुवर्षं झालीय. उद्या एफटीएसझेडवर मारा करणारं औषध फवारलं, तर कोवळ्या पालवीतल्या हरितलवकांचं काय? ही शंका हवेतली नाही. १९९७ मध्ये जर्मनीत मॉसला पेनिसिलीन गटातली प्रतिजैविकं दिली तेव्हा हरितलवकांचं विभाजन थांबलं होतं. टोमॅटोत तसं झालं नाही. कारण मॉसच्या हरितलवकाभोवती जिवाणूसारख्या भिंतीचा अंश अजून शिल्लक आहे, आणि पेनिसिलीन त्या भिंतीवर घाव घालतं. एफटीएसझेड मात्र मॉसमध्येही आहे आणि टोमॅटोतही. म्हणून अशा औषधांची चाचणी पिकाच्या कोवळ्या पानावर आधी झाली पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणेन.

हळदीचं स्वतःचं काय, असा प्रश्न मला एका वाचकाने विचारला होता. हळदीच्या गड्ड्यात कुरकुमिन वेगळ्या, खास पेशींत कोंडलेलं असतं. पान दूर, वर, उन्हात.

पिठाशी संबंध

बटाटा, गहू, तांदूळ यांतलं पीठ लवकातच साठतं, फक्त ते हिरवं नसतं. विभाजनाची प्रथिनं तीच. बटाट्यात एफटीएसझेड-१ वाढवलं तर पिठाचे कण कमी पण मोठे झाले. २०२३ मध्ये गव्हात पार्क-६ बिघडवून पिठाची लवकं मोठी केली, तेव्हा कणांचा आकारही बदलला. कणाचा आकार बदलला की पीठ किती पाणी धरतं, किती लवकर शिजतं यावर परिणाम होतो, म्हणून पास्ता आणि कागदाच्या कारखान्यांनाही यात रस आहे. तांदळात एका लवकात अनेक बारीक कण असतात, गव्हात मोठ्या लवकात बहुधा एक मोठा कण. भाकरी आणि पोळीचा फरक इथवर ओढणं अतिशयोक्ती होईल, पण पीठ कालवताना मला हे आठवतं खरं.

स्वतः पाहायचं असेल तर

पावसाळ्यात मुंबईत कुठल्याही जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर हिरवी मऊ गादी उगवते. ती बहुतेकदा मॉस. चिमट्याने एक कोवळं रोपटं उचला, त्याचं एक पान सोडवून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि वर काचपट्टी ठेवा. मॉसचं पान बहुतांश एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे कापायची गरज नाही. कागदी फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो, त्यात पेशींतले हिरवे ठिपके दिसतील. कंबर आवळलेला हरितलवक पाहायचा असेल तर शाळा-कॉलेजातला ४०० पटीचा सूक्ष्मदर्शक लागेल. कोवळी पानं घ्या, जुनी नको, कारण जुन्यात विभाजन जवळपास थांबलेलं असतं. पेशी-पेशी पाहत जा, आठच्या आकड्यासारखा दिसतो तो. पाण्याचा थेंब वाळू देऊ नका, पट्टीच्या कडेने अधूनमधून पाणी सोडत राहा. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेला टेकवून फोटो काढता येतो, फक्त आधी फ्लॅश बंद करा.